आधी पाण्याची तपासणी, मग शुद्धीकरण यंत्र

पुण्याच्या उपनगरातील आमच्या सोसायटीत तीन ठिकाणचे पाणी एकाच भूमिगत टाकीत उतरते. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात महापालिकेचे पाणी बऱ्यापैकी पुरते, फेब्रुवारीनंतर बोअरवेलचा वाटा वाढत जातो आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकर आल्याशिवाय टाकी भरत नाही. नळ तोच असला तरी स्वयंपाकघरात येणारे पाणी वर्षभर सारखे नसते. तरीही नवीन बिऱ्हाड राहायला आले की ‘कोणता फिल्टर घेऊ?’ हाच प्रश्न आधी विचारला जातो. या पाण्यात नेमके काय आहे, हे कोणी विचारत नाही. ते कळल्याखेरीज कोणतेही यंत्र विकत घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. गढूळपणा, जंतू, क्षार आणि फ्लोराइड किंवा नायट्रेटसारखे अपायकारक घटक हे वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांपैकी एकावरचा उपाय दुसऱ्यावर लागू पडतोच असे नाही.

घरोघरी फिरणारे काही विक्रेते एक प्रात्यक्षिक हमखास दाखवतात. एका ग्लासात नळाचे पाणी, दुसऱ्यात आरओचे (रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे दाबाने बारीक पडद्यातून ढकलून क्षार काढलेले) पाणी घेऊन दोन्हींत विजेच्या उपकरणाच्या धातूच्या कांड्या बुडवतात. थोड्याच वेळात नळाच्या पाण्यात तपकिरी-हिरवट गाळ तरंगू लागतो, आरओचे पाणी मात्र नितळ राहते, आणि ‘हे तुम्ही मुलांना पाजता’ असे ऐकल्यावर आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. वस्तुस्थिती अशी आहे की तो गाळ पाण्यातला नसून कांडीचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे लोखंडी कांडी झिजते आणि तिच्यातून सुटलेल्या लोहाचा गंजासारखा साका तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी उरलेले असल्याने वीज जवळजवळ वाहतच नाही आणि कांडी शाबूत राहते. त्या नितळ ग्लासात चिमूटभर स्वयंपाकाचे मीठ टाकून तोच प्रयोग पुन्हा करायला सांगावे, म्हणजे तिथेही तसाच गाळ दिसेल. लोकांच्या काळजीचा असा वापर करून त्यांना हप्त्यांवर यंत्र घ्यायला लावणे मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते.

याच विक्रेत्यांच्या खिशात टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) दाखवणारे मीटरही असते. हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि त्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देते. ते क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. जंतू तर त्याच्या कक्षेतच येत नाहीत. सांडपाणी मिसळलेल्या पाण्याचा आकडा १५० असू शकतो आणि निर्धोक पाण्याचा ४५० असू शकतो. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असणे स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास २,००० पर्यंतची मुभा आहे. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांमधून पुण्याला मिळणारे किंवा भातसा, तानसा, वैतरणेवरून मुंबईला जाणारे पाणी हे सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे, मुळात कमी क्षारांचे पाणी आहे. असे पाणी आरओमधून काढण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही मे २०१९ मध्ये, जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओच्या वापराला मनाई करावी, असे केंद्र सरकारला सांगितले होते, आणि त्यामागे वाया जाणाऱ्या पाण्याची चिंता होती.

बोअरवेलचे पाणी मात्र वेगळी गोष्ट आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातले कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून घेते. हेच आपले ‘जड’ किंवा कठीण पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही, तूरडाळ शिजायला वेळ लागतो, बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो, गिझरच्या कॉईलवर क्षारांचे कवच चढून वीज जास्त लागते आणि शेवटी कॉईल जळते. पाणी उकळल्यावर पातेल्याच्या तळाशी जमणारी पांढरी पूड म्हणजे बायकार्बोनेटचे झालेले कार्बोनेट. तिला घाबरण्याचे कारण नाही. मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा २०० आणि कमाल ६०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. कठीण पाण्याने मूतखडा होतो अशी समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे, परंतु जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही.

कठीण पाण्याचा त्रास मुख्यतः न्हाणीघर, गिझर आणि धुलाईयंत्र यांना होतो, आणि त्यावरचा उपाय म्हणजे सॉफ्टनर. त्यातील रेझिनचे बारीक मणी कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचे पाणी सोडून ते पुन्हा कामाला लावावे लागतात. येथे एक गैरसमज वारंवार होतो. सॉफ्टनर बसवूनही मीटरवरचा आकडा उतरत नाही, म्हणून लोक यंत्र बिघडल्याची तक्रार करतात. प्रत्यक्षात एका क्षाराच्या जागी दुसरा आलेला असल्याने एकूण आकडा जवळपास तोच राहणार. सोडियम वाढत असल्यामुळे रक्तदाबाचा त्रास असलेल्यांच्या घरी पिण्याच्या पाण्याची जोडणी सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढावी.

आरओची खरी गरज कुठे आहे, हे अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यात कळते. या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही इतके खारे असते, आणि तिथे बाहेरून चांगले पाणी येत नसेल तर क्षार काढणारी पद्धत वापरण्यावाचून इलाज नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइडचा प्रश्न आहे. मानकाप्रमाणे फ्लोराइड १ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असावे आणि १.५ च्या वर जाऊ नये. त्यापेक्षा जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे आखडतात. आरओखेरीज सक्रिय ॲल्युमिनाचे फिल्टर किंवा नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेली, तुरटी आणि चुना वापरणारी नालगोंडा पद्धत हे त्यावरचे मार्ग आहेत. खतांच्या आणि मैल्याच्या झिरप्यामुळे विहिरींत येणारे नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेलेले चालत नाही, त्यात कसलीही सवलत नाही, कारण वरचे दूध घेणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता त्याने कमी होते. फ्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही रंगहीन व गंधहीन असतात आणि पाणी उकळून ते जात नाहीत. उलट पाण्याची वाफ होऊन त्यांचे प्रमाण थोडे वाढतेच. ‘आम्ही उकळून पितो’ हे उत्तर म्हणूनच अपुरे ठरते.

शहरांतला सर्वांत मोठा धोका मात्र अजूनही जंतूंचाच आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या किरकटवाडी, नांदेड (पुण्याजवळचे गाव), धायरी या परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे (संसर्गानंतर रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते, त्या आजाराचे) रुग्ण अचानक वाढले, काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि पाण्याविषयी सगळ्या शहराचे डोळे उघडले. त्या काळात काही खासगी आरओ प्रकल्पांचे पाणीही पिण्यास अयोग्य आढळल्याने महापालिकेने ते बंद केले होते. आरओचे पाणी विकणाऱ्या जारवर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्यांनी ही बाब लक्षात ठेवावी.

जंतू येतात कुठून, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेपुरतेच सुटते. पुरवठा बंद झाला की जलवाहिनीतला दाब नाहीसा होतो आणि जिथे सांधा ढिला आहे किंवा तडा गेला आहे तिथून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाऊ शकते. शुद्धीकरण केंद्रातून उत्तम स्थितीत निघालेले पाणी वाटेत असे बिघडते. त्यानंतर ते भूमिगत टाकीत येते, जिचे झाकण पुष्कळदा वाहनतळाच्या पातळीलाच असते, आणि मग गच्चीवरच्या टाकीत चढते. या प्रवासात पाण्याचे रक्षण करतो तो त्यात शिल्लक राहिलेला क्लोरीन, ज्याचे प्रमाण मानकानुसार किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असावे. गावातले जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर ओटी टेस्ट करतात, म्हणजे नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून तो पिवळा होतो का, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे का, हे पाहतात. इतकी साधी तपासणी गावोगाव होऊ शकते, तर लाखो रुपयांचा देखभाल खर्च गोळा करणाऱ्या सोसायट्यांनी ती रोज का करू नये?

क्लोरीनचा वास आवडत नाही म्हणून अनेक घरांत कार्बन फिल्टर बसवतात. वास जातो हे खरे, पण संरक्षणही जाते, आणि पुढे यंत्राच्या टाकीत दोन-तीन दिवस पाणी साचून राहिले तर जंतू वाढायला मोकळे रान मिळते. गावाहून परतल्यावर यंत्रातले जुने पाणी काढून टाकावे, ते याचसाठी.

ज्यांच्या पाण्यात क्षार कमी आहेत त्यांना यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे अतिसूक्ष्म गाळणी) आणि यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) असलेले साधे यंत्र पुरेसे होते. यूएफची पडदी जिवाणू आणि गढूळपणा अडवते व नळाला दाब असल्यास विजेविना चालते. यूव्हीचा दिवा विषाणूंसह जंतूंना निकामी करतो. परंतु गढूळ पाण्यात कणांच्या आड राहिलेल्या जंतूंपर्यंत अतिनील किरणे पोहोचत नाहीत, म्हणून पावसाळ्यात आधी गाळणी हवीच. आणि दिवा निळा दिसतो म्हणजे तो काम करतो असे नाही. त्याची ताकद हळूहळू घटते, त्यामुळे साधारण वर्षभराने तो बदलावा लागतो. ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांनी तुरटी फिरवून पाणी निवळावे, फडक्याने गाळावे आणि खळखळून उकळावे, किंवा बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मेडिक्लोर (क्लोरीनचे द्रावण) टाकून अर्धा तास थांबावे. ही पद्धत कमी प्रतीची आहे असे मी मानत नाही.

तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळाही आहेत. रासायनिक तपासणीला स्वच्छ बाटलीत नमुना चालतो, जंतुतपासणीसाठी मात्र प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली वापरून नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा. अहवालात टीडीएसबरोबर कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि ई. कोलाय (मैल्यातून पाण्यात येणारा जिवाणू) एवढे तरी मागावे. शेवटचा घटक १०० मिलिलिटर नमुन्यात अजिबात सापडता कामा नये.

आरओ घ्यावेच लागले तर त्याच्या टाकाऊ पाण्याची सोय आधी करावी. एक लिटर शुद्ध पाण्यामागे घरगुती यंत्र बहुधा दोन ते तीन लिटर पाणी बाहेर सोडते. ते फरशी पुसायला आणि शौचालयात चालते, पण कुंड्यांना सतत घातल्यास मातीत क्षार साचतात. सोसायटीच्या येत्या सभेत मी दोन प्रस्ताव मांडणार आहे: टँकर टाकीत रिकामा करण्यापूर्वी रखवालदाराने क्लोरीन तपासून वहीत नोंद करावी, आणि पावसाळ्याच्या तोंडावर व भर उन्हाळ्यात पाण्याची पूर्ण तपासणी सोसायटीच्या खर्चाने करून तिचा अहवाल सूचना फलकावर लावावा.