पिकअपच्या पंख्याची घरघर: पंप शाबूत, क्लच गेला

महिनाभर माझी पिकअप सुरू केली की बोनेटखालून घोंऽऽ असा आवाज यायचा. जुनी डिझेल गाडी, पंखा बेल्टवर चालणारा आणि विस्कस क्लचचा (म्हणजे आतल्या घट्ट तेलाच्या जोरावर पंख्याला गरजेप्रमाणे पकडणारा-सोडणारा क्लच), त्यामुळे सकाळी पहिली एक-दोन मिनिटं घोंघावणारच. रात्रभर उभ्या गाडीत क्लचमधलं सिलिकॉन तेल पंख्याला पकड देणाऱ्या कप्प्यात उतरून बसतं. ते परत उपसलं जाईपर्यंत पंखा जोरात फिरतो. पण माझा आवाज ठाण्यात कोलशेतहून निघून कापूरबावडी आली तरी थांबेना, आणि मागच्या आठवड्यात त्यात खर्र-खर्रची भर पडली.

गॅरेजला दाखवली. फोरमनने दोन रेस मारल्या आणि निकाल दिला, "ताई, वॉटर पंप गेलाय. बेअरिंग ओरडतंय." पंप, गॅस्केट, कुलंट (पंप इंजिनात फिरवतो ते गार ठेवणारं पाणी), मजुरी, सगळा हिशेब उभ्या उभ्या झाला. मला पटेना. पंपाचं बेअरिंग जातं तेव्हा बहुतेक वेळा सीलही जातं, बॉडीच्या खालच्या बारीक भोकातून कुलंट झिरपतं आणि वाळून डाग धरतो. माझ्या पंपाचं ते भोक ठणठणीत कोरडं होतं. गाडी तशीच घरी आणली.

शनिवारी भाच्याला न्यूट्रलवर रेस द्यायला बसवलं. उभ्या गाडीतही आवाज रेसबरोबर चढत होता, म्हणजे टायर आणि चाकाचं बेअरिंग संशयातून बाद. मग लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि टोक आधी अल्टरनेटरच्या बॉडीवर, मग बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या ब्रॅकेटवर, मग पंपावर टेकवलं. खरखर पंपातच सर्वात स्पष्ट! फोरमनचा अंदाज इथेच चुकला असावा. पंखा आणि क्लच पंपाच्याच शाफ्टवर बसतात, त्यामुळे क्लचची खरखर शाफ्टमधून पंपाच्या बॉडीत उतरते. हे करताना ओढणी, केस, बाह्या घट्ट आवरा. गुंडाळलेला पेपर फिरत्या पंख्यात घालून क्लच तपासायची पद्धत काही जण सांगतात, ती कृपया करू नका. पातं तुटून उडालं तर जीवावर बेतेल.

इंजिन बंद करून, गार झाल्यावर, पात्याचं टोक धरून पुढे-मागे हलवलं. साधारण अर्धा सेंटीमीटर हललं तर चालतं. माझं चांगलं दीड सेंटीमीटर हललं. टॉर्च मारला तर श्राउडच्या, म्हणजे पंख्याभोवतीच्या आवरणाच्या, आतल्या काळ्या प्लास्टिकवर बोटभर रुंदीची चकचकीत पट्टी दिसली, आणि एका पात्याचं टोक तेवढंच घासलेलं. क्लचवरची धूळ तेलकट होती, मध्यापासून बाहेरच्या बाजूला रेघारेघांनी ओढल्यासारखी, म्हणजे आतलं तेल गळत होतं.

तरी पंपाला सोडायचं तर पुरावा हवा. रविवारी पंखा उतरवला. माझ्या गाडीत क्लच चार नटांवर आहे. बेल्ट सैल करायच्या आधी ते नट ढिले करून घ्या, नाहीतर पुली पान्याबरोबर गरगर फिरत राहते. काही गाड्यांत एकच मोठा नट असतो आणि तो बऱ्याचदा उलट्या आट्यांचा असतो, म्हणून जोर लावण्याआधी दिशा बघा. क्लच काढल्यावर तेच नट जादा वॉशर घालून पुलीवर परत कसले, बेल्ट चढवला आणि गार इंजिन पंख्याविना दोन मिनिटं चालवलं. पंप फिरतोय, पुली फिरतेय, आणि घरघर, खरखर दोन्ही गायब. भाचा म्हणाला, "मावशी, आता नुसतं इंजिन ऐकू येतंय."

काढलेला क्लच हाताने फिरवला. चांगला क्लच घट्ट मधात फिरल्यासारखा एकसारखा सरकतो. हा वाळू भरल्यासारखा अडत, करकरत फिरत होता, म्हणजे बेअरिंग संपलं होतं. नवा वागळे इस्टेटमधल्या दुकानातून आणला. जुना सोबत नेला होता, भोकांचं अंतर आणि व्यास जुळवूनच घेतला. घरी आणताना आणि बसवेपर्यंत तो उभाच ठेवला, कारण आडवा ठेवला तर तेल नको तिथे उतरायची भीती असते.

परवा दुपारी एसी लावून घोडबंदर रोडने गायमुखच्या घाटात नेली. ट्रॅफिक मुंगीच्या चालीचं, कडक ऊन. तापमानाचा काटा मध्याच्या जरा खाली. दहा मिनिटांनी रेडिएटरची गरम हवा क्लचच्या तोंडावरच्या, उष्णतेने वाकणाऱ्या बायमेटल पट्टीला लागली आणि पंखा घोंऽऽ करून लागला. थोड्या वेळात आपसूक सुटला. महिनाभर नुसतं लागणंच ऐकत होते, सुटताना पहिल्यांदाच ऐकला आणि फार बरं वाटलं.

आता सुरू करताना बेल्टची बारीक चिवचिव राहिलीये. चालत्या इंजिनात दुरून बेल्टवर पाण्याचा फवारा मारला तर काही वेळ थांबते. बेल्ट सैल असता तर पाण्याने आवाज वाढला असता, तेव्हा संशय पुल्या एका रेषेत नसण्यावर आहे. येत्या रविवारी अल्टरनेटरच्या पुलीला सरळ पट्टी लावून बघते.