तुम्ही विचारलंत म्हणून: स्पीडवे तेव्हाचं भारी की आताचं?

स्पीडवेचा, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींचा, विषय निघाला की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच. कुणी सरळ विचारतं, "इव्हान मॉगर मोठा की बार्तोश झ्मार्झलिक?" (मॉगर न्यूझीलंडचा जुना जगज्जेता, झ्मार्झलिक पोलंडचा आताच्या काळातला.) कुणी जरा आडून विचारतं, "आता त्यात पूर्वीची मजा राहिली नाही म्हणतात, खरं का?" मी आजवर बहुतेकांना दोन वाक्यांत उत्तर देऊन सुटका करून घेतली आहे. पण या खेळावर माझा जीव आहे आणि दोन वाक्यांत तो मावत नाही. म्हणून यावेळी नीट सांगतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार रायडर, चार फेऱ्या. मोटरसायकलला ५०० सीसीचं एकच सिलिंडर, एकच गिअर, इंधन मिथेनॉल आणि ब्रेक अजिबात नाही. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, पुढचं चाक उलट्या दिशेला वळवून ती घसरण सांभाळायची आणि त्याच घसरणीत वेग काबूत ठेवायचा. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. सगळं साधारण मिनिटभरात आटोपतं.

हा सांगाडा जवळजवळ शंभर वर्षं तसाच आहे, म्हणून तुलना करण्यात अर्थ तरी आहे. १५ डिसेंबर १९२३ ला ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या वेस्ट मेटलंड इथे जॉनी हॉस्किन्सने भरवलेल्या शर्यतींपासून या खेळाची सुरुवात धरतात. इंग्लंडमध्ये १९ फेब्रुवारी १९२८ ला हाय बीचला शर्यती झाल्या आणि तिथून त्याचं वेड पसरलं. त्या काळात फे टेलरसारख्या बायकाही पुरुषांच्या बरोबरीने ट्रॅकवर उतरत. १९३० मध्ये ब्रिटनने त्यांना बंदी घातली. जुन्या जमान्याचे गोडवे गाताना हे सोयीस्करपणे गाळलं जातं, ते मला खटकतं.

आता मुद्द्यावर येतो. माझ्या मते माणसं फारशी बदललेली नाहीत. बदललं ते दोन ठिकाणी: जगज्जेता ठरवायची पद्धत आणि चाकाखालची माती.

आधी जगज्जेतेपद. १९३६ पासून १९९४ पर्यंत जगज्जेता बहुतेक वेळा एका रात्रीत ठरायचा. सोळा रायडर, वीस हीट (म्हणजे चौघाचौघांच्या शर्यती), प्रत्येकाच्या वाट्याला पाच शर्यती, प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी एकदाच. क्लचने दगा दिला, दगडासारखा ढेकूळ चाकाखाली आला, की वर्ष गेलं. १९७३ ची खोझूवची रात्र घ्या. पोलंडच्या त्या मैदानात लाखाहून जास्त माणसं होती. यजमानांचा येझी श्चाकिएल आणि तोवर तीनदा सलग आणि पुन्हा १९७२ मध्ये जगज्जेता झालेला मॉगर यांचे गुण सारखे झाले. निकालासाठी दोघांची वेगळी शर्यत लावली. तिच्यात मॉगर पडला आणि श्चाकिएल पोलंडचा पहिला जगज्जेता झाला. पुढे तो कधी त्या उंचीच्या जवळही गेला नाही. पोलंडला दुसरा जगज्जेता मिळाला तो थेट २०१० मध्ये, तोमाश गोलोब. श्चाकिएलचं नाव निघालं की काही जण खांदे उडवतात. मला ते पटत नाही. त्या रात्री जे करायला हवं होतं ते त्याने केलं आणि नियम त्या रात्रीपुरताच होता.

१९८१ चं वेम्बली त्याहून सुंदर. नव्वद हजारांच्या वर प्रेक्षक आणि त्या रात्री जगज्जेता झालेला अमेरिकेचा ब्रूस पेनहॉल. ओले ओल्सन आणि टॉमी क्नुडसन या दोन्ही डॅनिश रायडरना त्याने वेगवेगळ्या हीटमध्ये अगदी शेवटच्या रेषेवर गाठलं. मी त्या शर्यतींचं चित्रीकरण किती वेळा पाहिलं असेल याचा हिशेब नाही. शेवटच्या वळणातून बाहेर पडताना पेनहॉल अंग पुढे झोकून देतो, मोटरसायकल थरथरते आणि दोन चाकं जवळजवळ एकाच वेळी रेषा ओलांडतात. निकाल ठाऊक असूनही माझा श्वास अडकतो.

१९९५ पासून ग्रांप्री मालिका आली. अनेक गावं, अनेक रात्री, गुणांची बेरीज. पहिली मालिका डेन्मार्कच्या हान्स नील्सनने जिंकली. जुने लोक म्हणतात, त्या दिवशी या खेळाचा आत्मा गेला. त्यांचं दुःख मला कळतं, कारण सगळं वर्ष एका रात्रीवर टांगलेलं असण्यात जो ताण होता, तो आता वाटला गेला आहे. पण न्यायाच्या बाजूने पाहिलं तर मला नवी पद्धत सरस वाटते. झ्मार्झलिकने २०१९, २०२०, २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सहा अजिंक्यपदं मिळवली, मॉगर आणि स्वीडनचा टोनी रिकार्डसन यांच्या बरोबरीने. यातलं एकही एका रात्रीच्या नशिबावर मिळालेलं नाही.

तरी नवी पद्धत दुखवत नाही असं नाही. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडी कर्ट्झने मालिकेतल्या सलग पाच ग्रांप्री जिंकल्या आणि तरी जगज्जेतेपद एका गुणाने हुकलं. हे वाचून मला १९३६ ची पहिली अंतिम लढत आठवते. ब्लूई विल्किन्सनने आपल्या पाचही शर्यती जिंकल्या, पण आधीच्या फेऱ्यांतले बोनस गुण मिळवले तेव्हा तो तिसरा ठरला आणि लायोनेल व्हॅन प्राग जगज्जेता झाला. विल्किन्सनला त्याचं अजिंक्यपद १९३८ मध्ये मिळालं. १९३६ च्या त्या रात्री सगळं जिंकलेला माणूस हरला, याबद्दल स्पीडवेवाले अजून हळहळतात. कर्ट्झबद्दलही तसंच हळहळतील.

आता माती. इथे मी जुन्या जमान्याच्या बाजूने उभा आहे.

सुरुवातीच्या वर्षांत ट्रॅकवर कोळशाची राख पसरलेली असे. डग्लस मोटरसायकलवरचे रायडर डावा पाय मागे फरफटत ठेवून लांबच लांब घसरत जायचे. मग इंजिनं बदलली आणि पाय पुढे टेकवायची शैली आली. डाव्या बुटाखाली पोलादी तळ बसवलेला असतो, वळणावर त्याचाच टेकू. लंडनच्या जॅप इंजिनाने अनेक दशकं राज्य केलं. मग चेकोस्लोव्हाकियाची एसो आली, तीच पुढे जावा झाली. सत्तरच्या दशकात चार व्हॉल्व्हची वेस्लेक आली, १९७६ मध्ये पीटर कॉलिन्स तिच्यावर जगज्जेता झाला. १९८३ मध्ये जर्मनीच्या एगॉन म्युलरने नॉर्डनला आपल्याच देशात इटालियन जीएम इंजिनावर बाजी मारली.

तोवर इंजिन फ्रेममध्ये उभं बसत असे. नव्वदच्या दशकात ते आडवं झालं. वजन खाली आलं, मोटरसायकल वळणात जास्त सरळ आणि जास्त वेगाने जाऊ लागली. इथेच शर्यतीचं रूप पालटलं असं मला वाटतं. उभ्या इंजिनाच्या काळात रायडर वळणभर मोटरसायकलशी झुंजत असायचा, चूक व्हायला जागा होती आणि मागच्याला ती चूक हेरायला वेळ होता. खोल, मोकळ्या मातीत आतून, मधून, बाहेरून अशा तीन वाटा मिळायच्या. आज बऱ्याच ट्रॅकवर माती पातळ आणि घट्ट केलेली असते. तिथे जो सुटतानाच पुढे गेला तो बऱ्याचदा पुढेच राहतो.

म्हणून आजची शर्यत पाहताना सुरुवात चुकवू नका. चौघे सुरुवातीच्या रेषेवर ताणलेल्या फितीपाशी येतात. बुटाच्या टाचेने आपापल्या जागेची माती खरवडतात, सैल माती मागे सारतात, मागचं चाक नेमकं त्या खाचेत बसेल असं बघतात. मग इंजिनाचा आवाज एकाच पट्टीत चढतो, डाव्या हाताची बोटं क्लचवर, नजर फितीवर. फीत वर उडते आणि साधारण तीन सेकंदांत शंभरचा वेग. पहिल्या वळणात चार मोटरसायकली एका मोटारीच्या रुंदीत घुसतात. मागे राहिलेल्याच्या चेहऱ्यावर मातीचा मारा बसतो. तो चालत्या शर्यतीत हात वर नेऊन गॉगलवरचा पारदर्शक पापुद्रा ओढून टाकतो आणि खालची स्वच्छ काच मोकळी होते. पूर्वीच्या रायडरच्या तोंडावर फडकं असे आणि काच हातमोज्याने पुसावी लागे.

झ्मार्झलिक मला इतका आवडतो तो यामुळेच. चाकांनी उडवलेली सैल माती बाहेरच्या कुंपणाशी साठते. सगळे आत गर्दी करतात तेव्हा तो कुंपणाला खेटून त्या मातीत शिरतो, तिथे चाकाला पकड मिळते आणि तो बाहेरून निघून जातो. तात्पुरत्या ट्रॅकवर अशी वाट मिळेलच याची खात्री नसते. स्टेडियममध्ये काही दिवसांत माती आणून टाकायची आणि त्यावर जागतिक दर्जाची शर्यत घ्यायची, हे दर वेळी जमत नाही. १८ एप्रिल २०१५ ला वॉर्साच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये सुरुवातीची फीत नीट चालेना, ट्रॅक उखडला आणि बारा हीटनंतर कार्यक्रम थांबवावा लागला. गोलोबच्या निरोपाची रात्र होती ती. भरलेल्या स्टेडियमला याहून चांगलं काहीतरी मिळायला हवं होतं.

प्रेक्षकांचं म्हणाल तर खेळ आटलेला नाही, त्याचं बिऱ्हाड हललं आहे. ब्रिटनमध्ये कॉव्हेंट्री, वुल्व्हरहॅम्प्टनसारखे जुने ट्रॅक बंद पडले. पोलंडमध्ये तोरून, व्रोत्स्वाफ, लुब्लिन इथे क्लबच्या सामन्यांना अख्खं गाव लोटतं.

आणि धोका. पूर्वी कुंपण म्हणजे फळ्या किंवा जाळी. आज मोठ्या शर्यतींत वळणांवर हवा भरलेले जाड पट्टे असतात, रायडर आदळला की ते दबतात. १९८९ मध्ये ब्रॅडफर्डला सांघिक अंतिम लढतीत तीनदा जगज्जेता झालेल्या एरिक गुंडरसनचा अपघात झाला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. हवेच्या पट्ट्यांनी सगळं थांबलेलं नाही. २०१२ मध्ये ली रिचर्डसन व्रोत्स्वाफमधल्या अपघातानंतर गेला, २०१५ मध्ये डार्सी वॉर्डचं शरीर कमरेखाली निकामी झालं. पण त्या पट्ट्यांत आपटून उठलेले, चिखल झटकून पुढच्या हीटला उभे राहिलेले रायडर मी कितीतरी पाहिले आहेत. जुन्या फळ्यांवर त्यांचं काय झालं असतं याचा विचार नकोसा वाटतो.

म्हणून, मॉगर की झ्मार्झलिक याचं उत्तर मी देत नाही. मॉगर उभ्या इंजिनावर, खोल मातीत, एका रात्रीचा ताण पेलत सहा वेळा जिंकला. झ्मार्झलिक आडव्या इंजिनावर, पातळ, घट्ट मातीत, मोसमभर चूक न करता. दोघांची कामंच वेगळी होती. पण तेव्हाचं की आताचं, एवढंच विचारलंत तर मी आताचं निवडतो, कुंपणासाठी आणि निकालाच्या खरेपणासाठी. माती तेवढी खोल टाका. ते करायला नवं इंजिन लागत नाही, नवा नियमही लागत नाही. ट्रॅक तयार करणाऱ्याला दोन दिवस जास्त आणि चार ट्रक माती जास्त द्यावी लागते, आणि प्रत्येक मोसमाच्या सुरुवातीला आयोजकांकडे हीच मागणी करायला हवी.