तुम्ही विचारलंत म्हणून: घरी शिवलेलं स्वस्त पडतं का?

आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी पायमशीन आहे. घरात नवीन माणूस आलं की पाण्याचा पेला हातात पडायच्या आत त्याची नजर तिकडे जाते आणि प्रश्न येतो, “घरी शिवलेलं खरंच स्वस्त पडतं का हो?” विचारणारी बहुधा स्वतःच मशीन घ्यायच्या बेतात असते आणि तिला माझ्या तोंडून ‘हो’ ऐकायचं असतं. मी ‘नाही’ म्हणते. मग चहा उकळेपर्यंत पुढचं सगळं सांगावं लागतं. ते आज एकदाच लिहून काढते.

नवं कापड आणून शिवाल तर स्वस्त पडत नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला नातीसाठी फ्रॉक शिवला. दीड मीटर सुती कापड, अस्तर, मागची चेन, गळ्याला लेस, रंगाला रंग जुळणारी रीळ, असं सगळं मिळून चारशे ऐंशी रुपये झाले. वर माझ्या दोन दुपारी गेल्या, त्या वेगळ्याच. फ्रॉक झाला छान, पण आठच दिवसांनी इथे सोलापुरात नवी पेठेत तसाच फ्रॉक चारशेला टांगलेला दिसला. यात नवल काही नाही. कारखान्यात थरावर थर रचून शेकडो नग एकदम कापतात, कापड घाऊक भावाने घेतात, आणि एका मापाच्या कडेला उरलेल्या तुकड्यात दुसऱ्या मापाची बाही बसवतात. आपण मीटरला किरकोळ भाव मोजतो आणि उरलेला तुकडा ‘लागेल कधीतरी’ म्हणून पिशवीत कोंबतो. परकराचंही तेच. दोन मीटर पॉपलीन आणि नाडी धरली तर तयार परकर तेवढ्यालाच येतो. हौस म्हणून शिवायचं असेल तर जरूर शिवा, फक्त त्याला काटकसर म्हणू नका.

पैसे वाचतात ते जुन्यात.

माझी आजी नऊवारी नेसायची. लुगडं एका जागी विरलं की ती ते टाकायची नाही. विरलेला भाग कापून काढायचा, उरलेले दोन चांगले तुकडे एकमेकांना जोडायचे आणि जोड निऱ्यांत दडेल असं नेसायचं. याला ‘दांड घालणं’ म्हणतात. दांडाचं लुगडं घरात वापरायला पुढे बरेच दिवस चालायचं. हल्ली हा शब्द ऐकू येत नाही, कारण विरेपर्यंत साडी कोणी नेसतच नाही. बेडशीट मात्र सगळ्यांच्या घरात विरतं, आणि मी दांड घालते ते त्याला.

बेडशीट उजेडासमोर धरा. मध्ये, जिथे अंग टेकतं तिथे, ते जाळीसारखं दिसेल; कडेचं कापड मात्र कोऱ्यासारखं दाट असतं, कारण ते गादीखाली खोचलेलं असतं. आता ते लांबीत मधोमध कापा. दोन्ही अर्धुकांची अदलाबदल करा, म्हणजे बाहेरचे काठ मध्ये येतील आणि विरलेल्या कडा बाहेर जातील. काठाला काठ जोडा, बाहेरची विरलेली दोन-तीन बोटांची पट्टी कापून टाका आणि कड दुमडून टीप मारा. नव्वद इंची बेडशीट चौऱ्याऐंशीच्या आसपास येतं. खोचायला तेवढं पुरतं.

पहिल्या खेपेला मी काठ नेहमीसारखे उलट्या बाजूने जोडले आणि मध्ये उभी शिवण राहिली. सासरे दोन रात्री काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, “सूनबाई, काल रात्रभर एस.टी.च्या बाकावर झोपल्यासारखं वाटलं.” तेव्हापासून एक काठ दुसऱ्यावर पाव इंच चढवते आणि दोन्ही कडांवरून सपाट टीप घालते. काठ उसवत नाही, त्यामुळे तो आत दुमडायची गरज नसते. हात फिरवला तर जोड कळतो, पाठीला कळत नाही. एकूण खर्च, अर्धी रीळ.

सोलापूरकरांना चादरीबद्दल मी काय सांगणार! इथली जाड चादर घरोघरी असते, आणि ती फाटते तीसुद्धा सावकाश. कडा गेल्या, रंग उडाला, तरी आतला ताणा टिकून असतो. तिचे वीतभर चौकोन कापून दोन थर एकावर एक ठेवायचे, वरून जुन्या सुती साडीचं कापड घालायचं आणि कर्णावर दोन टिपा मारायच्या. गरम पातेलं उतरवायला याच्यासारखं मसोतं नाही. सगळं कापड सुती हवं. एकदा घाईत मी वरच्या थराला पॉलिस्टर साडीचा तुकडा लावला. कढई उचलताना तो आचेने चुरमुडून कढईच्या कानाला चिकटला. बोट थोडक्यात बचावलं, कढई मात्र आठवडाभर घासत होते.

म्हणून माझी वाटणी ठरलेली आहे. पॉलिस्टर आणि शिफॉन बोहारणीला, सुती घरात. बोहारीण मात्र सुतीवरच डोळा ठेवून असते. एका सुती साडीसाठी ती स्टीलचा डबा पुढे करते, मी मान हलवते, ती झाकण दाखवते. आमचं दर वेळी असंच चालतं.

सुती साडीत काय काय निघतं ते लोकांना खरं वाटत नाही. साडेपाच मीटर लांब आणि सव्वा वाराच्या आसपास पन्हा. उशीच्या आतल्या खोळीला वीस इंच रुंद आणि चौसष्ट इंच लांब पट्टी लागते. एका टोकाला सहा इंचांचा पदर आत दुमडला की बटण नको, नाडी नको. पन्ह्यात अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी बसतात, म्हणजे चांगल्या साडीत सहा खोळी होतात. विरलेला भाग सोडला तरी चार.

वरचे अभ्रे मात्र मांजरपाटाचे, आणि तिथेच माझी फजिती झाली. मुलीच्या साखरपुड्याला पाहुणे यायचे होते. दोन दिवसांत सहा अभ्रे शिवले, इस्त्री केली, सगळ्यांनी वाहवा केली. पाहुणे गेल्यावर अभ्रे धुतले, तर उशी आत जाईना. एक जण उशी दाबतोय, दुसरा अभ्रा ओढतोय, आणि शेवटी उशीचं एक टोक बाहेर जीभ काढून बसलेलं. कोरं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, हे मला माहीत होतं. रात्रभर भिजत घालायला वेळ नव्हता, एवढंच. आता कोरं कापड घरात आलं की आधी बादलीत जातं, मग कात्रीखाली.

तान्ह्या बाळाचं शिवण सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत फायद्याचं. आमच्याकडे बाळाला पहिलं कापड जुनंच घालतात. पुष्कळदा धुतलेलं सूत मऊ असतं आणि अंगाला लागत नाही. झबल्याला नाड्या मागे ठेवाव्यात, आणि शिवणी बाहेरच्या बाजूला आल्या तरी चालतील. दिसायला उलटं घातल्यासारखं दिसतं, पण बाळाला काय त्याचं! तीन महिन्यांत आखूड होणाऱ्या कपड्याला दुकानात पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. चौघडीही अशीच, जुन्या धोतराचे किंवा साडीचे चार थर आणि हाताने धावदोरा. मशीनवर शिवलेली चौघडी पुठ्ठ्यासारखी कडक होते. गोधडीचंही तसंच, पण ती महिनाभराची बैठक आहे. त्यावर पुन्हा कधीतरी.

मुलांच्या गणवेशाचं सांगते, कारण ते माझ्या मुलीने अजून माफ केलेलं नाही. पिनाफोर वाढत्या अंगाचा घ्यायचा, खाली चार बोटं दुमड ठेवायची आणि दर जूनमध्ये थोडी सोडायची. हिशेब चोख होता. पण वरचं निळं कापड वर्षभराच्या उन्हाने आणि धुण्याने फिकं पडलेलं, आणि सोडलेली पट्टी गडद. मध्ये जुन्या दुमडीची पांढुरकी रेघ. तिच्या वर्गातल्या मुली त्या रेघेवरून ‘आता चौथीत, आता पाचवीत’ असं मोजायच्या. माझ्या आईने अशा रेघेवर निळी फीत शिवली असती. मला ते सुचलं मुलगी सातवीत गेल्यावर.

आणि काही गोष्टी मी शिवतच नाही. ब्लाऊज नाही, पुरुषांचा शर्ट नाही, पँट तर मुळीच नाही. गळा आणि बाही बसवणं हे रोज करणाऱ्याचं काम आहे. बिघडलं की कापड वाया जातं आणि वर शिंप्याकडे जाऊन ‘जरा बघता का’ म्हणावं लागतं. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू येतं, ते टाळण्यासाठी मी शिलाई आनंदाने देते. जुन्या पँटच्या पिशव्या मात्र मी बऱ्याच केल्या. 23 जून 2018 पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांवरच्या बंदीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका माझ्या नवऱ्याच्या ऑफिसच्या पँट घेऊन मंडईत जात होत्या. एक पाय म्हणजे एक पिशवी. कमरेचा पट्टा उसवून त्याचे बंद होतात. खिसा ठेवला तर सुटे पैसे तिथेच राहतात.

परवा शेजारच्या नव्या सुनेने हाच प्रश्न विचारला. तिला म्हटलं, मशीन घ्यायचं नंतर बघू, आधी घरातलं विरलेलं बेडशीट आण, माझ्या मशीनवर दांड घालून बघ. ती लगेच घेऊन आली. उघडलं तर गादीला चढवायचं, कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेलं. दोघी त्याकडे बघत बसलो. शेवटी सगळं इलॅस्टिक उसवून काढलं. त्यातलं निम्मं तिच्या मुलाच्या दोन चड्ड्यांना पुरलं.