ओठांवरचं बोट

ल्यों, फ्रान्स. रात्री साडेदहा. पाय सुजलेत. फोनच्या हिशेबात आज एकवीस हजार पावलं झाली. पण जाग आहे ती त्यामुळे नाही.

ती बाई. वरच्या खिडकीत आली, ओठांवर बोट ठेवलं आणि आत गेली. बास, एवढंच.

जुन्या गावात रू सें-जाँवर 54 नंबरचं दार आहे. बटण दाबलं की कडी सुटते, मग जड लाकडी दार खांद्याने रेटायचं. आत अंधारा बोळ, मग आभाळाचा एक चौकोन, परत बोळ, परत चौक, असं करत घरांच्या पोटातून थेट रू द्यू बफवर 27 नंबरला बाहेर. याला त्राबूल म्हणतात. मला इतकं भरून आलं की चौकातूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. "आई, बघ, अगदी आपला वाडा!" तिला कमी ऐकू येतं, म्हणून ओरडून. दगडी चौकात आवाज असा घुमला, की बस.

दारावर शांततेची पाटी होती. वाचली होती मी. तेच तर लागतंय.

पण मागे ते दहा-बारा जणांचं टोळकं काय कमी कलकलत होतं? बोट मलाच का? एकटं आलं की असं होतं, बोलायला माणूस नसलं की फोनवर... असो. तो विषय आज नको.

दुपारी क्रुआ-रूसची चढण चढले. इथे पूर्वी रेशीम विणणाऱ्यांची घरं. नक्षी विणणारे जॅकार्डचे माग उंच, म्हणून छतं चार-चार मीटरची. 1831 मध्ये मजुरीच्या दरावरून हेच विणकर रस्त्यावर उतरले होते. कूर दे व्होरास या चौकातला तो सहा मजली उघडा जिना बघायला कधीची आतुर होते, आणि तिथे उभी राहिले ती चोरासारखी. चौकात कोणी नव्हतं, तरी खोकला दाबला. नंतर गुलाबी प्रालीनचा, म्हणजे साखरेत घोळलेल्या बदामांचा टार्ट खाल्ला. दात शिवशिवले.

सोन नदीच्या काठी बाकावर बसले आणि एकदम आजी आठवली. आमच्या वाड्यातून मागच्या बोळात निघता यायचं, म्हणून अख्खी पेठ तिथून सायकली हाकायची. "ही काय धर्मशाळा आहे?" म्हणून आजी गॅलरीतून तांब्याभर पाणी ओतायची. नेम चांगला होता तिचा. त्या मानाने मी बोटावर सुटले. आणि हे लोक तर दिवसभर परक्यांना दार उघडं ठेवतात, त्या बदल्यात नगरपालिका देखभालीला हातभार लावते. 1964 मध्ये या जुन्या ल्योंला सरकारी संरक्षण मिळालं, फ्रान्समधला असा पहिलाच भाग. आमच्या वाड्याच्या जागी आता खाली पार्किंग, वर सात मजले. आजीने कुणावर ओतावं पाणी?

तरी ते बोट डोळ्यांपुढून हलत नाही. बाईच्या चेहऱ्यावर रागसुद्धा नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आईचा फोन. "मधेच कट का केलास?" मी हळू आवाजात सांगायला लागले.
"काय? ऐकू येत नाही. मोठ्याने बोल की!"
हॉटेलच्या भिंती पातळ. शेवटी डोक्यावरून पांघरूण घेतलं आणि आत शिरून ओरडले, "जेवले! जेवले म्हटलं!"