फेब्रुवारीतला डेंग्यू

काजूचे बोंडू पडायला लागले, की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून येणारे तापाचे नमुने मी नेहमीपेक्षा जास्त लक्ष देऊन पाहते. ही सवय २०१५ पासूनची आहे. त्या वर्षी सत्तरीतल्या पाली गावात तापाची साथ आली आणि ती क्यासनूर वनज्वराची, म्हणजे आपल्याकडे ज्याला माकडताप म्हणतात त्याची, असल्याचे निष्पन्न झाले. आजारी पडलेल्यांत काजूच्या बागांत राबणारी माणसे होती. आता ज्या रुग्णाबद्दल लिहीत आहे ती त्यानंतरच्या एका हंगामातली. तिचे निदान झाले, ती बरी होऊन घरीही गेली. तरी तिच्या अहवालातला एक आकडा अजून माझ्या मनातून जात नाही.

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा होता. पन्नाशीच्या बाईंचा नमुना आमच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात आला. सोबतच्या अर्जावर 'ताप, सहावा दिवस, प्लेटलेट कमी, डेंग्यू पॉझिटिव्ह' एवढाच मजकूर होता. हे पॉझिटिव्ह तालुक्यातल्या एका खासगी लॅबने कार्ड टेस्टवर दिले होते. कार्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो अर्जाला जोडला होता आणि त्यात आयजीएमच्या, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर सुरुवातीला तयार करते त्या प्रतिपिंडाच्या, जागी एक फिकट रेघ दिसत होती. आमच्याकडून फक्त शिक्कामोर्तब हवे होते.

बाहेरच्या माणसाला वाटते, की आम्ही सूक्ष्मदर्शकातून विषाणू बघतो. डेंग्यूचा विषाणू सुमारे पन्नास नॅनोमीटरचा, साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्यापलीकडचा. रोजच्या कामात आम्हाला दिसतो तो त्याने रक्तात ठेवलेला माग: त्याचे एखादे प्रथिन, त्याच्या आरएनएचा तुकडा, किंवा शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड. आजाराच्या कितव्या दिवशी यांतले काय सापडेल, हे ठरलेले असते. डेंग्यूत पहिल्या पाच दिवसांत एनएसवन प्रथिन शोधायचे आणि त्यानंतर आयजीएम. म्हणून अर्जावर तापाचा दिवस लिहिणे रुग्णाचे नाव लिहिण्याइतकेच महत्त्वाचे असते, आणि तोच रकाना सर्रास कोरा येतो. या अर्जावर दिवस लिहिलेला होता, याबद्दल वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांचे मी मनातल्या मनात आभार मानले.

रंगावरून प्रतिपिंड ओळखणाऱ्या एलायझा चाचणीवर माझा जीव आहे, त्यामुळे तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. शहाण्णव खळग्यांची प्लास्टिकची पट्टी असते. खळग्यांच्या तळाशी माणसाचे आयजीएम पकडून ठेवणारा थर असतो. त्यात रुग्णाचे पातळ केलेले सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव, घालून सदतीस अंशांवर ठेवायचे, मग धुऊन डेंग्यूचे प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंड ज्याला चिकटते तो विषाणूचा अंश, घालायचे, पुन्हा धुवायचे, रंग आणणारे विकर जोडलेले प्रतिपिंड घालायचे आणि पुन्हा धुवायचे. या धुण्यातच चाचणीचे यश आहे. खळग्यात थेंबभर पाणी राहिले तरी खोटा रंग चढतो; म्हणून आमच्या तंत्रज्ञ ताई पट्टी उलटी करून टिपकागदावर ज्या ठामपणे आपटतात, त्या आवाजावरून कामाचा दर्जा ओळखावा. शेवटी रंगद्रव्य घालून पट्टी अंधारात ठेवायची. प्रतिपिंड असेल तिथे निळा रंग येतो आणि आम्ल घालताच तो पिवळा होतो. त्या दिवशी, उत्तर आधीच माहीत असलेल्या तुलनेच्या नमुन्यांपैकी, पॉझिटिव्ह कंट्रोल हळदीसारखा पिवळा झाला, निगेटिव्ह कंट्रोल पाण्यासारखा राहिला, आणि या बाईंच्या खळग्यात जेमतेम पिवळसर झाक आली. यंत्राने दिलेला आकडा मर्यादेच्या किंचित वर होता. नियमाने तो पॉझिटिव्ह ठरतो. सही करून अहवाल पाठवला असता, तर कोणीही हरकत घेतली नसती.

पण सहा दिवस तापाने फणफणलेल्या माणसात आयजीएम इतके अशक्त का असावे, हा प्रश्न होता. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या रुग्णात आयजीएम कमी राहू शकते, हे खरे आहे. किनाऱ्याकडच्या शहरांत, बांधकामांच्या आसपास, डेंग्यूचे तुरळक रुग्ण वर्षभर मिळतात, हेही खरे. पण अर्जावरचा पत्ता सत्तरीतल्या डोंगरालगतच्या वाडीचा होता, आणि महिना काजूचा होता.

इथे विषाणूंच्या वर्गीकरणाबद्दल बोलणे भाग आहे. वैद्यकीय शिक्षणात ते ज्या रीतीने शिकवले जाते, त्याबद्दल मला मनापासून खंत वाटते. विद्यार्थी कुलांची नावे, डीएनए की आरएनए, आवरण आहे की नाही, असा तक्ता परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतात आणि निकालानंतर विसरतात. त्यांना कोणी सांगत नाही, की हा तक्ता रोज हाताशी लागतो. रोगाच्या नावावरून विषाणूंचे गट पाडायला गेले, तर फसगत ठरलेली. कावीळ आणणारे ए, बी, सी, डी आणि ई हे पाचही विषाणू यकृतावरच हल्ला करतात, पण त्यांची कुले निरनिराळी आहेत. ए हा पोलिओच्या कुलातला, तर बी हा डीएनए विषाणू. सी मात्र डेंग्यूच्याच कुलातला, फ्लॅविव्हिरिडीतला; आणि त्याच कुलात जपानी मेंदूज्वर, पीतज्वर आणि माकडतापही येतात. उलट, डेंग्यूसारखाच डासातून पसरणारा, तसाच ताप आणि सांधेदुखी देणारा चिकुनगुन्या टोगाव्हिरिडी या वेगळ्या कुलातला आहे.

डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये विषाणूंची विभागणी करताना प्रश्नच वेगळा विचारला: पेशीला प्रथिने बनवायला लावणारा निरोप, म्हणजे एमआरएनए, हा विषाणू कसा मिळवतो? माकडताप आणि डेंग्यू या दोहोंचा एकपदरी आरएनए स्वतःच असा निरोप असतो. प्रयोगशाळेत या गोष्टीचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. पीसीआर, म्हणजे विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या असंख्य प्रती काढून तो ओळखणारी चाचणी, करण्यापूर्वी त्या आरएनएची डीएनए प्रत काढावी लागते, आणि उन्हात तापलेल्या गाडीतून नमुना आला, तर आरएनएचे तुकडे होऊन खरा पॉझिटिव्हसुद्धा निगेटिव्ह दिसतो. आवरण आहे की नाही, यावरून हात कशाने स्वच्छ करायचे ते ठरते. आवरण असलेले विषाणू अल्कोहोलने सहज निकामी होतात. पोलिओ, रोटा किंवा ए प्रकारची कावीळ यांसारखे आवरण नसलेले तितक्या सहज हटत नाहीत. आणि कुलावरून कळते ते सर्वांत मोलाचे: कोणती चाचणी कुठे फसेल. एकाच कुलातल्या विषाणूंची बाह्य प्रथिने इतकी मिळतीजुळती असतात, की एकाविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड दुसऱ्याच्या प्रतिजनालाही कधीकधी चिकटते. डेंग्यूच्या खळग्यात आलेला फिकट पिवळा रंग त्यामुळे डेंग्यूचाच असेल, असे नाही.

माकडतापाच्या इतिहासाची सुरुवातही अशाच घोटाळ्याने झाली होती. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने पडली, तेव्हा पहिला संशय पीतज्वराचा होता, कारण त्यातही जंगलातली माकडे मरतात. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू वेगळा करून पाहिला, तेव्हा तो डासांमार्फत येणाऱ्या पीतज्वराच्या जवळचा नसून, रशियात गोचिडीपासून होणाऱ्या मेंदूज्वराच्या गटातला निघाला. कुल बरोबर ओळखले होते, शाखा चुकली होती. आणि शाखा बदलताच डासांऐवजी गोचिडीकडे लक्ष गेले.

मी वॉर्डात फोन केला. निवासी डॉक्टर तरुण होते, कामाच्या ओझ्याखाली होते, पण त्यांनी 'डेंग्यू तर आलाच आहे ना, मॅडम' असे म्हणून फोन ठेवला नाही. प्लेटलेट बासष्ट हजार, पांढऱ्या पेशी दोन हजारांच्या आत, डोळे लाल, कपाळ आणि कंबर असह्य दुखते, हिरड्यांतून थोडे रक्त, असे त्यांनी सांगितले. यांतले प्रत्येक लक्षण डेंग्यूतही बसते. मग मी त्यांना बाईंच्या मुलाशी बोलायला सांगितले, आणि शेवटी स्वतःच वर जाऊन बोलले.

"आई काय काम करते?"

"काजूंत जाते मॅडम, बिया काढायला. सकाळपासून दुपारपर्यंत पातेऱ्यातच बसलेली असते."

"तिथे कुठे माकड मेलेलं बघितलंत का?"

तो थोडा थांबला. "वरच्या बाजूला एक पडलं होतं, महिना झाला असेल. माणसाच्या तापाशी त्याचं काय, म्हणून इथं कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही."

त्याचे शेवटचे वाक्य शब्दशः खरे होते. घरापासून आमच्यापर्यंत येईतो बाईंना जितक्या पांढऱ्या कोटांनी तपासले, त्यांपैकी कोणीही त्या दिवसभर कुठे बसतात हे विचारले नव्हते. आमच्या छापील अर्जात वय, लिंग, वॉर्ड, बिलाचा प्रकार यांना रकाने आहेत; व्यवसायाला नाही. बोंडू खायला माकडे काजूत उतरतात, मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच पातेऱ्यात, म्हणजे वाळलेल्या पानांत, गळतात, आणि बिया वेचायला बसलेल्या बाईच्या पायाला डोळ्यांना धड दिसतही नाही असे त्यांचे पिल्लू चावते. या साखळीचा निम्मा भाग एका प्रश्नात उघड होतो आणि त्या प्रश्नाला पैसे पडत नाहीत.

माकडतापाची चाचणी तेव्हा आमच्याकडे होत नव्हती. नमुना संदर्भ प्रयोगशाळेत पाठवायचा होता. कुपीला शोषक कागद गुंडाळून, दुसऱ्या घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करून, बर्फाच्या पिशव्यांसह बाहेरच्या पेटीत ठेवण्याचे तिहेरी वेष्टन ताईंनी स्वतः केले. आमचा डेंग्यूचा अहवाल मी 'आयजीएम क्षीण पॉझिटिव्ह. त्याच कुलातील अन्य विषाणूची शक्यता. माकडतापाची तपासणी सुरू' असा पाठवला. अहवाल एका शब्दाचा असावा, असा आग्रह धरणारे वरिष्ठ प्रत्येक संस्थेत असतात. तो आग्रह रुग्णांच्या हिताचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पीसीआरचा निकाल माकडतापाचा आला. या रोगात विषाणू रक्तात डेंग्यूपेक्षा जास्त दिवस टिकतो, म्हणून सहाव्या दिवसाच्या नमुन्यातही तो सहज सापडला.

दोन्ही रोगांवर विशिष्ट औषध नाही, मग नाव बदलून काय फरक पडला, असे मला एका सहकाऱ्याने विचारले होते. फरक असा पडला, की डेंग्यूच्या नावाने बाईंच्या घराभोवती धुराची फवारणी झाली असती, आणि धोका मात्र वरच्या काजूंत तसाच राहिला असता. नाव बदलल्यामुळे आरोग्य केंद्राचे कर्मचारी मेलेल्या माकडाच्या जागेपर्यंत चढून गेले, तिथे कीटकनाशक मारले, त्याच बागेत जाणाऱ्या इतरांची तापासाठी चौकशी केली, आणि अंगाला लावायचे गोचीड-प्रतिबंधक तेल घरोघर दिले. भर उन्हात डोंगर चढणाऱ्या या लोकांची नावे कुठल्याही अहवालात येत नाहीत, आणि साथ आटोक्यात ठेवण्यात त्यांचा वाटा आमच्यापेक्षा मोठा असतो. शिवाय माकडतापात काही रुग्णांना आठवडा-दोन आठवडे बरे वाटून पुन्हा ताप येतो आणि तेव्हा मेंदूवर परिणाम होऊ शकतो. घरी सोडताना डॉक्टरांनी मुलाला हे नीट समजावले होते. बाईंना खरोखरच पुन्हा ताप आला, डोके दुखू लागले, हात थरथरू लागले, आणि मुलगा त्यांना त्याच दिवशी घेऊन आला. त्या बऱ्या झाल्या.

त्या दुसऱ्या खेपेचे सीरम मी जपून ठेवलेल्या पहिल्या सीरमच्या शेजारी, एकाच पट्टीत लावले. माझी अपेक्षा होती, की पहिला फिकट रंग माकडतापाच्या प्रतिपिंडांचा असेल, तर दुसऱ्या नमुन्यात तो गडद होईल. तसे झाले नाही. आकडा जवळपास तिथेच राहिला. मुलाला विचारल्यावर कळले, की पावसाळा संपता संपता वाडीत डेंग्यूचे रुग्ण झाले होते आणि तेव्हा आईलाही चार दिवस ताप होता. तपासणी केली नव्हती. डेंग्यूचे आयजीएम दोन-तीन महिने, काहींमध्ये त्याहून जास्त टिकते. तेव्हा तो रंग कुलाच्या साधर्म्यातून आला नसून जुन्या, खऱ्याखुऱ्या डेंग्यूचा उरलेला अंश असावा, याकडे माझा कल आहे. म्हणजे खासगी लॅबचे कार्ड कदाचित खोटे बोलत नव्हते. ते मागच्या तापाविषयी बोलत होते आणि सगळ्यांनी ते या तापाविषयी समजून घेतले. पक्का निवाडा प्रतिपिंड विषाणूला निष्प्रभ करतात का, हे पाहणाऱ्या चाचणीने होईल. तिला जिवंत विषाणू आणि वरच्या दर्जाची सुरक्षित प्रयोगशाळा लागते, आणि बरी झालेल्या रुग्णाच्या कुतूहलासाठी ती कोणी करत नाही. मला मात्र ते उत्तर हवे आहे, कारण पुढच्या फेब्रुवारीत असाच फिकट रंग आला, तर त्याला किती वजन द्यायचे हे त्यावर अवलंबून आहे.

२०२३ मध्ये विषाणूंचे वर्गीकरण ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने या विषाणूंच्या प्रजातीसमूहाचे नाव फ्लॅविव्हायरसऐवजी ऑर्थोफ्लॅविव्हायरस असे केले. आमच्या विभागातल्या भिंतीवरचा तक्ता मी त्याप्रमाणे दुरुस्त करून घेतला आणि शिकाऊ डॉक्टरांना तो आता या बाईंच्या दोन नमुन्यांवरून शिकवते. अर्जात व्यवसायाचा रकाना घालण्याची विनंती मी लेखी केली आहे. नवे अर्ज छापून येईपर्यंत आम्ही रबरी शिक्का बनवून घेतला आहे: 'काम कोणते? कुठे? आसपास माकड मेले आहे का?' काजूच्या हंगामात तो प्रत्येक तापाच्या अर्जावर उमटतो, आणि जागा कोरी आली तर ताई वॉर्डात फोन करतात.