देवबाग ट्रिप: फायबरच्या होडीचा दबणारा डेक (आणि जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं)

मावसभावाची २४ फुटी फायबरची होडी आहे देवबागला, सीझनला डॉल्फिन दाखवायला नि त्सुनामी आयलंडच्या फेऱ्या मारायला. तिचा पुढचा डेक पाय ठेवला की खाली दबायचा, नि पाय उचलला की टक्क करून वर यायचा. पर्यटक हसायचे, भाऊ नाही. मे संपत आला, जलपर्यटन बंद झालं, होडी खाडीकाठी वर ओढली आणि आम्ही दोघं पुण्याहून सामान घेऊन निघालो.

आधी सामानाचं. रेझिन (फायबरच्या कापडात मुरवायचा चिकट द्रव, आमचं पॉलिस्टर जातीचं), हार्डनर, अ‍ॅसिटोन हे सगळं पेट घेणारं, त्यामुळे ट्रेन नि एसटी विसरा, स्वतःची गाडी लागते. हार्डनर (एमईकेपी, रेझिन कडक करणारा) आणि कोबाल्ट (ते काम लवकर व्हायला घालतात तो) हे दोन कधीही एकमेकांशेजारी ठेवू नका, थेट एकत्र आले तर स्फोट होतो, हे गंमत म्हणून सांगत नाहीये. आम्ही प्रमोटेड रेझिनच घेतलं, म्हणजे कोबाल्ट आधीच मिसळलेला, वेगळी बाटली हाताळायची भानगडच नाही. कोल्हापूरवरून राधानगरी, फोंडाघाट, कणकवली, कसाल करत मालवण, पूर्ण रस्ता काचा थोड्या खाली. ब्रश, रोलर, ग्लोव्हज कुडाळला मिळतात, ते ओझं पुण्याहून नेऊ नका.

पोचल्यावर पहिला सल्ला अपेक्षेप्रमाणेच मिळाला, की वरून दोन मॅट (काचतंतूंची चादर) मारा, झालं काम. जवळपास सगळेच हे करतात आणि पुढच्या वर्षी डेक परत दबतो, वर होडी जड होते ती वेगळीच. शेजारचे आबा, आयुष्य होडीवर गेलेले, ते मात्र लांबूनच म्हणाले, "आधी पाणी खंयसून (कुठून) येता ता बघ, मगे फायबर मार." तेच बरोबर होतं.

स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने सगळा डेक ठोकत गेलो. चांगल्या जागी टणटण, सुटलेल्या जागी भद्द. मार्करने गोल करत गेलो तर सगळे भद्द आवाज रेलिंगच्या पायांभोवती आणि दोर बांधायच्या खुंटाजवळ निघाले. खालच्या बाजूने बारीक ड्रिल मारलं तर तपकिरी पाणी ठिबकायला लागलं. डेक म्हणजे वर फायबर, मध्ये १२ मिमी प्लाय, खाली पातळ फायबर. स्क्रूच्या भोकांतून पाणी प्लायमध्ये गेलं, प्लाय सुटला, आणि मग वरचा नि खालचा थर एकमेकांना सोडून आपापले वाकायला लागले. जाडी दुप्पट झाली तर ताठपणा आठपट होतो, पण मधला प्लाय दोन्हीकडे चिकटलेला असला तरच, नाहीतर तुमच्याकडे दोन पातळ पत्रे आहेत फक्त.

ग्राइंडरची चकती अगदी वरवर चालवून कुजक्या भागावरची वरची कातडी कापली, कडेला दोन इंच ओठ ठेवला आणि कापलेला तुकडा जपून ठेवला कारण तोच परत बसवायचा असतो. आतला प्लाय उकळून काढलेल्या चहापत्तीसारखा हातात आला. मग वाळवणं, आणि इथे घाई करायची नाही, ऊन आणि टेबलफॅन. अ‍ॅसिटोन फासून ओला प्लाय वाळत नाही, कोणी काहीही सांगो.

नवा प्लाय आयएस ७१० छाप असलेला मरीनच घ्या. सगळ्या कडांना, विशेषतः कापलेल्या कडांना इपॉक्सी (दुसऱ्या जातीचं, जास्त पक्कं धरणारं रेझिन) पाजली, मग इपॉक्सीच्याच घट्ट लगद्यावर तो आणि त्यावर जपलेली कातडी बसवली, हवा निघायला बारीक भोकं पाडली आणि वाळूच्या पिशव्या ठेवल्या. लाकडाला पॉलिस्टर नीट धरत नाही म्हणून इथे इपॉक्सी. पण लक्षात ठेवा, जुन्या पॉलिस्टरवर इपॉक्सी चालते, इपॉक्सीवर पॉलिस्टर नाही, ते चिकट राहतं नि पुढे सुटतं. त्यामुळे वरची बाजू शेवटपर्यंत इपॉक्सीनेच, आणि तिला साधी चॉप्ड मॅट (तुकडे केलेल्या तंतूंची) नको, विणलेलं कापड घ्या. जोडाच्या कडा लांब उतरत्या घासा, जाडीच्या साधारण १२ पट.

खालून आडव्या रिब (आधाराच्या फासळ्या) टाकल्या, एकेक फुटावर, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. रिब मध्येच संपवली तर तिच्या टोकाशी चीर पडते. आकारासाठी २ इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून अर्धा वापरला. एक पोरगा उत्साहाने थर्माकोल घेऊन आला होता, तर पॉलिस्टरमधलं स्टायरीन थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळवतं, त्याला वाटीत करून दाखवलं, खूश झाला.

रिब टाकायच्या आधी डेकला खालून बांबूचे टेकू आणि पाचर लावून जागेवर, किंचित वर उचला, नाहीतर दबलेला आकारच कायमचा पक्का होईल. जुनं फायबर ३६ नंबरच्या डिस्कने पांढरं दिसेपर्यंत घासा, कारण जुन्या थरावर नवा थर फक्त खरबरीतपणावर धरतो. मग आयसो रेझिन (पाण्यात जास्त टिकणारं पॉलिस्टर), ४५० जीएसएम (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) मॅटचे तीन थर नि मध्ये एक रोव्हिंग (जाड विणीचं काचकापड), प्रत्येक थर आधीच्यापेक्षा इंचभर बाहेर. मॅट प्लॅस्टिकवर ठेवून तिथेच भिजवा आणि मग वर चिकटवा, उताणं पडून वर रेझिन लावत बसलात तर सगळं तोंडावर. शॉवर कॅप घाला, हसू द्या लोकांना.

मेमध्ये पॉलिस्टरला हार्डनर १ टक्काच, किलोला साधारण १० मिली, आणि अर्ध्या किलोहून जास्त एकावेळी कालवू नका, डबा हातात तापून धूर सोडतो. दव सुकल्यावर सुरू, अकराच्या आत बंद. डेकखाली वास भयंकर साठतो, तेव्हा पंखा बाहेर ठेवून ताजी हवा आत मारा, कार्बन फिल्टरवाला मास्क घाला, कापडी नाही, आणि बिडीवाल्यांना लांब बसवा. काचतंतूंची खाज सुटली तर गार पाण्याने धुवा, चोळू नका.

लाइट जाते, वळवाचा वारा सुटला की हमखास. घासायचं काम आधी उरका आणि ताडपत्री तयार ठेवा, आम्हाला एका संध्याकाळी पळापळ करून झाकावं लागलंच. होडी मोकळी काढता येत असेल तर फेब्रुवारी बेस्ट, खोल्याही स्वस्त. सलग चार-पाच दिवस तरी हातात ठेवा. जेवायला कुठल्याही घरगुती खाणावळीत जा, फक्त आधी सांगून ठेवा, सीझन संपला की लोक चूल लवकर आवरतात.

फरक? दोरी ताणून मोजलं, आधी एक माणूस उभा राहिला की १० मिमी खाली जायचं, आता जेमतेम २. रेलिंग बसवताना स्क्रूची भोकं मोठी पाडली, इपॉक्सीने भरली, वाळल्यावर त्यातच बारीक भोक पाडलं आणि सीलंट लावून स्क्रू आवळले, म्हणजे पाणी आलं तरी प्लायपर्यंत जाणार नाही. पावसाळ्यासाठी झाकताना ताडपत्री दोन्ही टोकांना उघडी ठेवायला भावाला सांगितलंय, आत वारा खेळला पाहिजे.