हॅलेची शेपटी

दुपारी जेवून जरा आडवा झालो तर सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड, "दुर्मिळ धूमकेतू, आज नुसत्या डोळ्यांनी बघा, चुकवू नका", खाली हात जोडलेल्यांची रांग. नुसत्या डोळ्यांनी म्हणजे कुणाच्या आणि कुठून, हे कधी लिहिलेलं नसतं. मालाडच्या गच्चीवरून मला हल्ली सप्तर्षीसुद्धा पूर्ण सापडत नाहीत.

१९८६ ला हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा आम्ही गिरगावात, चाळीत. काय हवा होती त्याची! शाळेत फळ्यावर चित्र, आणि चित्रात शेपटी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मार्चातल्या पहाटे अर्धी चाळ गच्चीवर, कुणी थर्मास घेऊन, कुणी मागून आणलेली दुर्बीण घेऊन, आणि खालच्या मजल्यावरचे एक काका तर हा सूंकन जाणार म्हणून पापणीच लवत नव्हते (धूमकेतू उल्केसारखा सर्रकन पळताना दिसत नाही हे लोकांना अजून पटत नाही, माझी त्यावरून भांडणं होतात). दुर्बिणीतून दिसला तो कापसाचा मळका बोळा. "हो हो, दिसला" म्हणून सगळे दूध आणायला गेले.

तसा त्याचा दोष नव्हता. ९ फेब्रुवारीला तो सूर्याच्या सगळ्यात जवळ, ऐन भरात, आणि आपण नेमके सूर्याच्या पलीकडे. एप्रिलमध्ये पृथ्वीच्या जवळ आला तर ऑस्ट्रेलियावाल्यांच्या डोक्यावर, आपल्याला खाली दक्षिणेच्या धुरकट पट्ट्यात. दोन हजार वर्षांतली सगळ्यात पडेल फेरी, आणि ती आमच्या वाट्याला.

आजीने तर नाकच मुरडलं. "हा कसला रे, आमच्या वेळचा बघायला हवा होतास, अर्धं आभाळ शेपटी." म्हणजे हॅलेची आधीची फेरी, १९१० ची. रत्नागिरीकडे, तिच्या आजोबांनी तिला गोधडीत गुंडाळून अंगणात आणलेलं, दिवेलागण होऊन गेलेली, मावळतीकडे हा एवढा. हे वर्णन इतक्यांदा ऐकलं की गोधडीचा रंगसुद्धा पाठ. ती गेल्यावर खूप उशिरा कुठेतरी वाचलं की १९१० ला दोन आले होते, जानेवारीत एक न सांगता, भरदिवसा दिसेल एवढा ठसठशीत, आणि मग हॅले, तो मे महिन्याच्या सुमाराला ऐन भरात. आता कोकणात मे महिन्यात गोधडी कोण घेतं? म्हणजे आजीने आयुष्यभर ज्याचं नाव काढून आमच्या हॅलेला हिणवलं तो हॅले नसणारच बहुतेक. जिवंत असती तरी मी सांगितलं नसतं.

पुढची फेरी २०६१. या वेळी तो आणि आपण सूर्याच्या एकाच बाजूला, त्यामुळे खूपच तेजस्वी दिसेल असा हिशोब आहे, सगळं कसं जुळून आलंय. सूर्याजवळ यायची तारीख तेवढी २८ जुलै. भाचीला सांगितलं तर म्हणाली, मामा, तेव्हा तुमच्या त्या आभाळ बघायच्या वांगणीला जायला लोकल तरी चालू असेल का?